बंदुकीबरोबर पाटीही हवी : सैनिकाच्या फीचा प्रश्न आणि आपला इतिहास

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत पहाटे पाच वाजता कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहा. पोरे धावताना दिसतील. भरतीची तयारी चालू असते. त्यांत आपल्या वस्तीतली पोरे असतात, सातपुड्यातली आदिवासी पोरे असतात, कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरे असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी बारावीनंतर कॉलेजात नाव घातलेले असते आणि मनातून ते सोडलेलेही असते. घरचे म्हणतात, आधी भरती हो, शिक्षण नंतर बघू. हे 'नंतर' कधी येते, त्याची फी कोण भरतो, आणि सरकारने त्यात किती हात लावायचा, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न काहींना आपल्या चळवळीबाहेरचा वाटेल. सैनिक, देशभक्ती, सवलती हे विषय दुसऱ्याच लोकांनी आपल्या मालकीचे करून टाकले आहेत. पण लष्कर आणि शिक्षण यांच्या नात्याचा इतिहास महाराष्ट्रात कुणाच्या घरात घडला असेल, तर तो आपल्या घरात घडला. म्हणून त्यावर बोलण्याचा पहिला अधिकारही आपलाच आहे.

पहिली शाळा छावणीत भरली

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावचा स्तंभ आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या फौजेने आपल्याला दिलेली दुसरी गोष्ट स्तंभापेक्षा मोठी होती, आणि तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. ती म्हणजे शाळा. कंपनीच्या लष्करात सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनी ब्रिटिश राजवट आणि अस्पृश्य यांच्यावरील आपल्या लेखनात स्पष्ट नोंदवले आहे. गावच्या शाळेत ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या मुलीलाही छावणीत अक्षर गिरवावे लागत होते. या शिक्षणाने अस्पृश्यांना स्वतःकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष आहे.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. मालोजी सकपाळ कंपनीच्या फौजेत होते. त्यांचे पुत्र रामजी सुभेदार झाले आणि लष्करी शाळेचे १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले. भीमाईंचे माहेर, मुरबाडकर घराणे, तेही लष्करातले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला, तेव्हा त्या घरात पुस्तक ही नवलाची वस्तू उरली नव्हती. बाबासाहेबांची प्रतिभा त्यांची स्वतःची. पण त्या घरातली पाटी राज्यसंस्थेने एका सैनिकाला दिलेली होती, त्याच्याकडून फी न मागता.

खानदेशालाही लष्कर नवे नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने इथे भिल्ल कोअर उभी केली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. डोंगरातल्या भिल्लांना काबूत ठेवण्यासाठी भिल्लांच्याच अंगावर गणवेश चढवायचा, असा तो हिशोब होता. पुढे इंग्रजांच्या नोकरीत राहिलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये त्यांच्याविरुद्ध उठला आणि १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली. राज्यकर्ता गणवेश देतो तो स्वतःच्या गरजेसाठी, हे खानदेशाने फार आधी पाहिले आहे. प्रश्न एवढाच असतो की त्या गरजेच्या बदल्यात आपण त्याच्याकडून काय वसूल करतो.

भरती बंद झाली, म्हणजे शाळा बंद झाली

१८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धान्त पुढे आला आणि ज्यांच्या जोरावर मुंबई फौज उभी राहिली, तेच लढण्यास नालायक ठरले. आपण या घटनेकडे नोकरी गेली म्हणून पाहतो. खरे नुकसान त्याहून खोल होते. भरतीबरोबर छावणीतले घर गेले, आणि घराबरोबर छावणीतली शाळा गेली. पुढच्या पिढीला पुन्हा गावच्या शाळेच्या दारात उभे राहावे लागले.

ते दार कसे होते, हे दापोलीने दाखवले. दापोली ही निवृत्त सैनिकांची वस्ती. हातात पेन्शन, छातीवर पदके, लिहिता-वाचता येणारे हे महार पेन्शनर आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज करत होते. मुलांना मिळाला तो शाळेचा व्हरांडा. बापाने साम्राज्यासाठी लढाया केल्या, आणि मुलगा वर्गाबाहेर बसून आतला धडा ऐकत होता.

याच दापोलीच्या परिसरातून पहिला संघटित आवाज उठला. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर, जोतीरावांच्या विचारांचे. त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले, अनार्य दोष परिहार मंडळी काढली आणि १८९४ मध्ये लष्करभरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतिपत्र तयार केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. गरज असताना बोलवायचे आणि गरज संपली की घरी पाठवायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यावे लागणार आहे.

बाबासाहेबांनी दोन मागण्या शेजारी ठेवल्या

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेब बोलले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर आठच दिवसांनी झाला, त्यामुळे हे भाषण झाकोळले गेले. त्यांनी सरकारचाच हिशोब सरकारपुढे मांडला. कला महाविद्यालयांवरच्या खर्चातला सुमारे ३६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीतून येतो, हे दाखवून त्याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी सांगितले. खालच्या वर्गांसाठी उच्च शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके करणे हेच सरकारचे धोरण असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

'शिक्षणाचे व्यापारीकरण' हा शब्द आज आपण १९८३ नंतरच्या विनाअनुदानित कॉलेजांसाठी वापरतो. बाबासाहेबांनी तो त्याच्या ५६ वर्षे आधी वापरला होता, आणि तोही सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजांबद्दल. ३६ टक्के त्यांना सहन होत नव्हते. आजच्या विनाअनुदानित अभ्यासक्रमात जवळजवळ सगळा खर्च पालकाच्या खिशातून जातो.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सायमन कमिशनला निवेदन दिले. त्यातल्या मागण्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली मागणी अशी की, अस्पृश्यांच्या शिक्षणावरचा खर्च हा प्रांताच्या महसुलावरचा पहिला बोजा मानावा. आणि तिला लागूनच दुसरी मागणी अशी की, लष्कर, आरमार आणि पोलिसांत अस्पृश्यांना जातीच्या अटीशिवाय भरती खुली करावी. शिक्षण आणि लष्कर हे दोन प्रश्न शेजारी शेजारी आहेत. छावणीच्या शाळेचा इतिहास ज्याच्या घरात घडला, त्याने ही जोडी सहज म्हणून लावली असेल असे आम्हाला वाटत नाही.

१९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निवडणुकीला उभा राहिला आणि पूर्व खानदेशातून दौलतराव गुलाजी जाधव विधिमंडळात गेले. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. आजही ३१ जुलैला आपण तिथे जमतो. ४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १८९२ पासून बंद असलेले दार जवळजवळ पन्नास वर्षांनी कायमचे उघडले.

दार उघडले तेव्हा बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. ते कुठे सुरू झाले? मरीन लाइन्सजवळ युद्धानंतर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकींत. वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. बापाच्या काळी छावणीत शाळा होती. मुलाने छावणीच्या बराकीत कॉलेज काढले.

त्याच वर्षी अमेरिकेत

१९४४ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. २२ जून १९४४ रोजी अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. लोक त्याला जी. आय. बिल म्हणतात. कॉलेजची फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत सरकार भरणार, वर निर्वाह भत्ता देणार. २० लाखांहून अधिक माजी सैनिक या कायद्याने कॉलेजात गेले. आज तिथे नोकरीत असलेल्या सैनिकालाही फीसाठी वर्षाला ४,५०० डॉलरपर्यंत मदत मिळते. २०१३ मध्ये बजेट कपातीच्या नावाखाली ती थांबवली, तेव्हा ओरड झाली आणि काही आठवड्यांत ती पुन्हा सुरू करावी लागली.

पण या गोष्टीची दुसरी बाजू आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. कायद्यात काळा-गोरा असा शब्द नव्हता. अंमलबजावणी मात्र स्थानिक गोऱ्यांच्या हातात होती. दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठे काळ्या सैनिकांना बंद होती आणि काळ्यांच्या मोजक्या कॉलेजांत जागा नव्हत्या. घर आणि धंद्याच्या कर्जाचे तर विचारूच नका. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत अशी ३,२२९ कर्जे दिली गेली, त्यांतली काळ्या सैनिकांना मिळालेली २. मेडगर एव्हर्स युद्धावरून आला, याच कायद्याच्या पैशातून काळ्यांच्या अल्कॉर्न कॉलेजात शिकला, आणि १९५४ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या कायदा शाखेने त्याला प्रवेश नाकारला.

यातून आपण दोन धडे घ्यायचे. सैनिकाची फी सरकारने भरणे हे अशक्य स्वप्न नाही, ऐंशी वर्षांपूर्वी ते झालेले आहे. आणि कागदावर सगळ्यांना सारखी दिसणारी सवलत सगळ्यांना सारखी पोचत नाही.

आपल्याकडे असा कायदा झाला नाही. १९४५ च्या सुमारास जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप कॉलेज सुरू झाले. तोवर खानदेशातल्या मुलाला कॉलेजसाठी नाशिक, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. महायुद्धावरून परतणाऱ्या जवानासाठी हीच वेळ होती. कॉलेज जिल्ह्यात आले. त्याची फी भरण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही सरकारने घेतली नाही.

आजचा हिशोब

आता आजचे चित्र मांडू, आकड्यांसह.

नोकरीत असलेल्या जवानाला मुलांसाठी शिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे. पण तो बारावीपर्यंत. मूल कॉलेजात गेले की, म्हणजे खरी फी सुरू झाली की, भत्ता थांबतो. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे, त्यात मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये आहेत. पण ती माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी, आणि देशभरात वर्षाला ५,५०० जणांना. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत महाराष्ट्रात ५ टक्के जागा संरक्षण दलातल्या पाल्यांसाठी असतात. जागा राखीव, फीचे काय ते तुम्ही बघा.

आता यात जात घाला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अनुसूचित जातींसाठी अडीच लाख रुपये आहे. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे सुरुवातीचे मूळ वेतन २१,७०० आणि लष्करी सेवा वेतन ५,२००. महागाई भत्ता न धरताही वर्षाचे ३,२२,८०० होतात. म्हणजे सगळ्यात खालच्या पदावरचा, सगळ्यात नवा जवानही सरकारच्या लेखी शिष्यवृत्तीसाठी 'श्रीमंत' आहे. महाराष्ट्रात त्याच्या मुलाला फ्रीशिपमधून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, निर्वाह भत्ता मिळत नाही. चोपड्याहून किंवा शिरपूरहून येऊन जळगावला, नाशिकला, पुण्याला खोली करून राहणाऱ्या मुलाला विचारा, फी मोठी की खोलीभाडे आणि मेस मोठी. त्याच राज्यात खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाख आहे. त्या मुलांना मिळते त्याला आमचा विरोध नाही. ज्या बाबासाहेबांच्या काळात ही शिष्यवृत्ती सुरू झाली, त्यांच्याच लेकरांसाठी मर्यादा अडीच लाख का, एवढेच आम्ही विचारतो.

शहीद जवानांच्या मुलांचेही उदाहरण आहे. १९७१ च्या युद्धानंतर त्यांची पूर्ण फी देण्याची योजना आली. जुलै २०१७ मध्ये तिच्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. आरडाओरडा झाला, तेव्हा मार्च २०१८ मध्ये ती काढली. ज्याने जीव दिला त्याच्या मुलाच्या फीलाही हात घालणारी व्यवस्था जिवंत जवानाच्या मुलासाठी स्वतःहून काही करील, या भ्रमात राहू नका.

आणि अग्निवीर

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर २५ टक्के राहणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. दर्जाच नसेल, तर माजी सैनिकांच्या नावाने चालणाऱ्या सवलतींचे दार आपोआप उघडत नाही. पहिल्या वर्षी पगार ३०,००० आणि हातात २१,०००, कारण ९,००० सेवा निधीत जातात. चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात. यातून शिका, धंदा करा, असे सांगितले जाते. यातले ५ लाख २ हजार त्याच्याच पगारातून कापलेले असतात. आपल्याच पैशाने शिकायला सांगायचे आणि त्याला योजना म्हणायचे, ही कला सरकारला चांगली साधली आहे.

शिक्षणाची सोय केलीच नाही असे नाही. दहावी झालेल्याला मुक्त विद्यालयाचे बारावीचे प्रमाणपत्र, आणि इग्नूची तीन वर्षांची पदवी, जिचे निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणातून धरले जातात. याला आम्ही नाव ठेवत नाही. सीमेवर असलेल्या मुलाला मुक्त विद्यापीठच सोयीचे. पण बावीस-तेवीसच्या वयात परतलेल्या मुलाला नियमित कॉलेजात बसायचे असेल, वकील व्हायचे असेल, अभियंता व्हायचे असेल, तर त्याच्या फीची हमी कुठे आहे? जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू झाले. चार वर्षांचा हिशोब कुणीही बोटांवर करू शकतो. १९२१ मध्ये मोडलेली पलटण आठवा. गरज असताना बोलवायचे, गरज संपली की घरी पाठवायचे.

एका आक्षेपाबद्दल

आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, शिक्षण हा सगळ्यांचा हक्क आहे, मग सैनिकांसाठी वेगळी मागणी कशाला? त्याने असे नाही का होणार की, गरिबाच्या पोराला शिकायचे असेल तर त्याने आधी बंदूक उचलावी?

आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या १९२८ च्या निवेदनातच आहे. तिथे शिक्षणाची मागणी पहिली आहे आणि ती सगळ्यांसाठी आहे. भरतीची मागणी दुसरी आहे. एक दुसरीची अट नाही. आपणही तसेच मांडले पाहिजे. सैनिकाची फी माफ झाली म्हणून शेतमजुराच्या मुलीची फी वाढू देऊ नका. उलट सैनिकाच्या फीचा प्रश्न पुढे करून आपण विचारू शकतो, की ज्याच्या नावाने तुम्ही मते मागता त्याचे पोरसुद्धा तुमच्या कॉलेजात परवडत नाही, तर बाकीच्यांचे काय? देशभक्तीच्या घोषणा देणाऱ्याला या प्रश्नातून पळता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा ८ लाख करा, आणि तोवर किमान सेवेतल्या जवानांच्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना निर्वाह भत्ता द्या. शिक्षण भत्ता बारावीवर थांबवू नका, पदवीपर्यंत न्या. परतणाऱ्या अग्निवीराला कोणत्याही अनुदानित वा विनाअनुदानित कॉलेजात पदवीपर्यंत शुल्कमाफी द्या, सेवा निधीला हात न लावता. आणि या योजनांचा लाभ कोणत्या प्रवर्गातल्या किती जणांना मिळाला, हे जिल्हावार जाहीर करा. मिसिसिपीतला तो २ चा आकडा कुणीतरी मोजला म्हणून जगाला कळला.

काम जिल्ह्यातच सुरू होऊ शकते. जळगाव आणि धुळ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, समाजकल्याण कार्यालये आहेत, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. आपल्या तालुक्यात किती अग्निवीर गेले, कोणत्या वस्तीतले, बारावीनंतर कुणाचे शिक्षण कुठे सुटले, याची यादी आपणच करावी. माहिती अधिकाराचे अर्ज आपणच टाकावेत. येत्या ३१ जुलैला लळिंगला जमाल तेव्हा ही यादी सोबत आणा, आणि तिथून निवेदन घेऊन धुळ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चला.

जय भीम!